चाहूल आणि निश्चय

गर्भवती झालेल्या स्त्रीविषयी बोलताना आपल्या भाषेत 'तिला दिवस गेले' असे म्हणतात. ह्या शब्दप्रयोगात ना मुलाचे नाव आहे, ना शरीराचे. आहे तो केवळ दिवसांचा हिशेब. परंतु जुन्या घरांत हा हिशेब एकट्या स्त्रीच्या हाती नव्हता. महिन्यातून तीन दिवस दूर बसण्याची चाल होती, आणि मुलांनी विचारले तर 'कावळा शिवला' म्हणून त्यांची समजूत घालीत. सून एखाद्या महिन्यात दूर बसली नाही, की सासूबाईंपासून थोरल्या जावेपर्यंत सर्वांचे डोळे तिच्याकडे लागत. स्वतःविषयीची ही वार्ता तिने कोणास सांगण्यापूर्वीच घरास कळलेली असे. गर्भाची पहिली बातमी कोणाच्या मालकीची, हा प्रश्न आम्हांस येथूनच सुचला. आणि इतिहास चाळू लागलो तेव्हा असे दिसले की, तो केवळ आपल्या माजघरातला नव्हे.

आपल्या प्राचीन वैद्यांनी ह्या विषयाचे निरीक्षण बारकाईने केले आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात थकवा, ग्लानी, तहान व मांड्या गळून जाणे ही गर्भधारणेची सद्यःलक्षणे सांगितली आहेत. आणि पुढची लक्षणे म्हणून स्तनाग्रे काळवंडणे, कारणावाचून ओकारी होणे, सुवासाचाही तिटकारा येणे व तोंडास पाणी सुटणे ह्यांची गणना केली आहे. चौथ्या महिन्यात स्त्री 'दौहृदिनी', म्हणजे दोन हृदयांची होते, आणि तिच्या इच्छा पुरविल्या पाहिजेत, असाही उपदेश तेथे आहे. आपले डोहाळे ह्याच कुळातले. ह्यांतील बहुतेक खुणा दिसणाऱ्या नसून जाणवणाऱ्या आहेत, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. स्त्रीस विचारल्यावाचून, आणि तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवल्यावाचून, वैद्यास त्या कळणे शक्यच नव्हते.

मात्र जाणीव म्हणजे निश्चय नव्हे. इंग्लंडची राणी मेरी ट्यूडर हिची कथा ह्या दृष्टीने मोठी करुण आहे. वयाच्या अडतिसाव्या वर्षी तिचा विवाह झाला, आणि 1554 च्या नोव्हेंबरात ती गर्भवती असल्याबद्दल लंडनमध्ये ईश्वराचे जाहीर आभार मानण्यात आले. पोट वाढले, गर्भाची हालचालही तिला भासली. 1555 च्या एप्रिलात ती प्रसूतीसाठी हॅम्प्टन कोर्टच्या वाड्यात राहावयास गेली. पुत्रजन्म कळविणारी पत्रे तारखेची जागा कोरी सोडून लिहून ठेवली होती. एप्रिलअखेर तर राजपुत्र झाल्याची आवई उठून लंडनात घंटाही वाजल्या. मे गेला, जून गेला, जुलै गेला. ऑगस्टात राणी रिकाम्या ओटीने वाडा सोडून निघाली. राजवैद्य, सुइणी, दरबारी, सारे भोवती असताना सत्य सांगू शकेल असे कोणतेही साधन त्या काळी कोणापाशी नव्हते.

त्याच देशात ह्या अनिश्चिततेवर कित्येक स्त्रियांचे प्राण टांगलेले असत. देहान्ताची शिक्षा झालेल्या स्त्रीने आपण गर्भवती असल्याचे सांगितल्यास, प्रौढ स्त्रियांची एक पंचायत नेमून तिची तपासणी करीत. गर्भात हालचाल सुरू झाल्याचा निर्वाळा मिळाला, तर फाशी प्रसूतीपर्यंत लांबे. पण हालचाल सुरू न झालेल्या आरंभीच्या गर्भास कायद्याच्या लेखी अस्तित्वच नव्हते. ही पंचायत 1931 च्या कायद्याने बंद झाली, आणि गर्भवतीस फाशी न देण्याचेही तेव्हाच ठरले.

ह्याच सुमारास प्रयोगशाळेने उत्तर शोधले होते. मूत्रावरून गर्भ ओळखण्याची कल्पना जुनीच. प्राचीन इजिप्तमधील स्त्रिया त्यासाठी गहू व सातूचे दाणे मूत्राने भिजवून अंकुराची वाट पाहत. परंतु बर्लिनमध्ये 1927 च्या सुमारास आशहाइम व झोंडेक ह्या वैद्यांनी कोवळ्या उंदरीस स्त्रीचे मूत्र टोचले, व काही दिवसांनी तिचे बीजकोश तपासून गर्भधारणेचा निर्णय दिला, तेव्हा प्रथमच एक भरवशाची कसोटी हाती आली. पुढे दोघांसही ज्यू म्हणून नाझी जर्मनी सोडावी लागली. उंदरांमागून ससे आले, आणि मग दक्षिण आफ्रिकेतील बेडकी आली. टोचल्यानंतर काही तासांतच ती अंडी घाली, आणि तिला मारावे लागत नसे. 1960 मध्ये प्राण्यांवाचून परीक्षा करण्याची रीत निघाली. निश्चय मिळाला खरा, पण तो आता वैद्याच्या पाकिटात बंद होता. स्त्रीस तो सर्वांच्या शेवटी कळे.

हे पाकीट फोडण्याचे श्रेय मार्गारेट क्रेन ह्या तरुणीकडे जाते. ती शास्त्रज्ञ नव्हती. अमेरिकेतील एका औषधी कंपनीत वेष्टनांची चित्रकार होती. 1967 मध्ये परीक्षानळ्यांची रांग पाहून तिच्या मनात आले की, हे तर स्त्रीस घरीही करता येईल. वरिष्ठांनी प्रथम ही कल्पना झिडकारली. तरी काही वर्षांतच तिची पेटी कॅनडात विक्रीस आली. आज आपल्या खेड्यांतून आशाताईंच्या पिशवीतही अशी पट्टी असते.

ह्या पट्टीस डोहाळे समजत नाहीत, आणि वार्ता आनंदाची की चिंतेची, हेही ती सांगत नाही. फार लवकर पाहिले तर ती चुकतेही. परंतु तिने एक न्याय केला आहे. माजघर, दरबार, न्यायासन आणि प्रयोगशाळा ह्यांच्याकडून फिरत आलेली वार्ता तिने मूळ मालकिणीच्या हाती परत दिली. ती कोणास सांगावी, केव्हा सांगावी, की क्षणभर आपल्यापाशीच ठेवावी, हे आता तिचे तिने ठरवावे. घरच्या मंडळींनी तेवढी वाट पाहण्याचे सौजन्य दाखवावे, इतकेच आमचे मागणे आहे.