वांग : एकटी गोळी दोषी नाही

रायपुरात, तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांतही, एक समजूत पक्की आहे : संप्रेरकांच्या गोळ्यांनी चेहरा काळवंडतो आणि गोळी सोडली की वांग जाते.

या मताला आधार आहे, हे आधी मान्य करू. गरोदरपणात अनेकींच्या गालांवर वांग उमटते. रजोनिवृत्तीच्या संप्रेरक-उपचारातही ते दिसते. 1967 साली अमेरिकेत रेझनिक यांनी गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या 212 स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या 29 टक्के स्त्रियांना वांग आले होते.

पण याच पाहणीत उरलेल्या 71 टक्के स्त्रियांना ते आले नाही. शिवाय त्या काळच्या गोळ्या जहाल होत्या. 1960 साली मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत 150 मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन होते. आपल्या सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माला-एनमध्ये 30 आहे. संप्रेरक रक्तातून सर्वांगात फिरते, तरी वांग गाल, कपाळ, वरचा ओठ अशा उघड्या जागीच येते, झाकलेल्या पाठीवर येत नाही. कधीही गोळी न घेतलेल्या पुरुषांनाही ते होते, आणि एकाच घरात अनेकांना होते. म्हणजे प्रवृत्ती आनुवंशिक, संप्रेरक तिला चेतवणारे आणि ऊन तिला पोसणारे. रायपूर 21 अंश अक्षांशावर आहे. ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तप्त दिवसांत, इथे दुपारचा सूर्य थेट माथ्यावर असतो. अशा गावात उन्हाला सोडून गोळीलाच धरणे हे अर्धेच निदान आहे.

गोळी सोडली की वांग जाते, हा दावाही टिकत नाही. काहींचे फिकटते, अनेकींचे वर्षानुवर्षे राहते. उलट दुसरा उपाय न योजता गोळी बंद केली आणि दिवस गेले, तर संप्रेरकांची पातळी कितीतरी वाढते व वांग अधिकच गडद होऊ शकते. त्याहून घातक म्हणजे वांगावर लावायला दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे मलम. त्याने आधी उजळपणा येतो. मग त्वचा पातळ होते, लाल होते, पुरळ उठते. म्हणूनच 2018 साली केंद्राने अशी 14 मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली.

वांग दिसताच डॉक्टरांना विचारावे, गोळी बदलता येते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतून आलेली ‘छाया’ स्टिरॉइडविरहित आहे. ती आपल्याला चालेल का, तेही विचारावे. टोपी, ओढणी आणि लोहऑक्साइडयुक्त रंगीत सनस्क्रीन मात्र रोज हवे, कारण दृश्य प्रकाशही वांग वाढवतो. गर्भधारणा केव्हा हवी हे ठरवण्याचा स्त्रीचा हक्क गालावरच्या डागाच्या भीतीने हिरावला जाता कामा नये.