बरारपांड्यांची ओळ

रायपूरच्या उत्तर अंगास वसलेले उरला हे गाव आज कारखान्यांच्या वसाहतीमुळे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्या मुलखात ते मोडते, त्या छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल असताना गावोगावच्या वसुलाचे कागद मोडी लिपीत लिहिले जात, आणि त्या कागदांवर ओळ कोठे तोडावी व कोठे तोडू नये याचा एक संकेत रूढ होता, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून कारभार पाहिला; त्यांच्या पश्चात सुभेदार आले, आणि त्यांपैकी विठ्ठल दिनकर याने ‘गढ’ नावाचे जुने विभाग मोडून परगण्यांची मांडणी केली. परगण्यावर कमाविसदार, त्याच्या हाताखाली फडनवीस, आणि गावनिहाय सारावसुलीचा हिशेब ठेवण्यास बरारपांडे असे हुद्दे नेमले गेले. (बरारपांडे हे आडनाव विदर्भात अद्याप नांदते, हुद्दा गेला, नाव राहिले.)

मोडी पत्र लिहिणारा कारकून प्रथम कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढी आणि मग तिला अक्षरे लटकवीत जाई. शब्दाशब्दांत अंतर नाही, ऱ्हस्वदीर्घाचा विवेक नाही, विरामचिन्ह तर नाहीच. ओळ संपली की शब्द अर्ध्यावर तुटे आणि उरलेला तुकडा निःसंकोचपणे पुढील ओळीत उतरे. वाक्य कोठे संपले हे क्रियापदावरून आणि पत्र कोठे संपले हे ‘बहुत काय लिहिणे’ या परिपाठावरून वा ‘लेखनसीमा’ या शब्दावरून उमगावे, एवढीच अपेक्षा असे. यावरून आमचे पूर्वज लेखनाच्या रचनेविषयी बेफिकीर होते असा निष्कर्ष काढणारे विद्वान पुष्कळ आहेत. त्यांनी हिशेबाचे बंद पाहिलेले नसावेत असे मला वाटते.

कारण तोच कारकून ताळेबंद लिहावयास बसला म्हणजे अगदी वेगळ्या शिस्तीने वागे. कागदास उभ्या घड्या घालून रकाने पाडावयाचे, ‘जमा’ अथवा ‘खर्च’ हे शीर्षपद लांब रेघेने पसरावयाचे, त्याखाली आधी आकडा आणि मग बाब, ‘पैकी’ म्हणून पोटबाबी आणखी आत सरकवावयाच्या, आणि प्रत्येक रकमेस तिची स्वतंत्र ओळ द्यावयाची, अशी ती रीत होती. पत्र वाचून ऐकवावयाचे असे, म्हणून तेथे ओळीस अर्थ नव्हता. हिशेब तपासावयाचा, दुसऱ्या कागदाशी रुजू घालावयाचा असे, म्हणून येथे ओळ हाच व्याकरणाचा घटक ठरला.

दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली छापले गेले, आणि पुढे मेजर कँडीच्या उद्योगाने स्वल्पविराम व पूर्णविराम मराठीत स्थिरावले. या विरामचिन्हांनी पत्राची उणीव भरून काढली. ताळेबंदाची शिस्त मात्र पोरकी राहिली. तिचा विचार पुन्हा उगवला तो परमुलखात. संगणकाच्या माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या ब्रायन कर्निघन याने १९७४ साली, मागाहून दुरुस्ती सुलभ व्हावी या हेतूने, प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर आरंभावे असा उपदेश केला. वाचणाऱ्याच्या कानापेक्षा तपासणाऱ्याच्या हाताची सोय पाहणारी ही दृष्टी बरारपांड्यास नवी वाटली नसती.

ज्यांस मोडी शिकण्याची हौस असेल त्यांनी दफ्तराचा रुमाल सोडल्यावर खलित्यांच्या मोहात न पडता प्रथम एखादा ताळेबंदच हाती घ्यावा. तो लवकर लागतो.