जाळे घेऊन उडालेली पाखरे

दूरदर्शनवर ‘एक अनेक और एकता’ पाहत मोठी झालेली पिढी आज पन्नाशीच्या आसपास आहे. घरातल्या लहानग्याच्या हातातल्या मोबाईलवर तेच जाळे, तीच पाखरे आणि तेच उंदीर आता संगणकाने केलेल्या चकचकीत रंगांत नाचताना दिसले, की या पिढीच्या तोंडून हमखास निघते, ‘आमचं अस्सल होतं, ही नक्कल आहे.’ तक्रार अगदीच खोटी नाही. पण ज्याला आपण अस्सल म्हणतो, तेच मुळात एका फार जुन्या गोष्टीचे नवे रूप होते.

आधी त्या अस्सलाविषयी. १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनने हा जेमतेम सात मिनिटांचा बोधपट काढला. दिग्दर्शिका होत्या विजया मुळे. मुंबईत १९२१ साली जन्मलेल्या या बाईंनी फिल्म सोसायटीच्या चळवळीत आणि शिक्षणखात्यात आयुष्य वेचले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवण्याचा जो मोठा प्रयोग झाला, त्यात मुलांच्या कार्यक्रमांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. आपल्या शेजारचा रायपूरचा मुलूख मात्र होता. चित्रे भीमसेन यांची. पुढे ‘घरौंदा’ काढणारे तेच हे भीमसेन. संगीत सिंधुदुर्गाच्या वसंत देसाईंचे, आणि आवाज साधना सरगम यांचा, ज्या तेव्हा पाच वर्षांच्या होत्या. अखेरचे गीत विनयचंद्र मौद्गल्यांचे. बोधपटाला उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तेव्हा सारे काम हाताने चाले. पडद्यावर एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. सात मिनिटांच्या दहा हजारांवर झाल्या. प्रत्येक चौकटीला नवे चित्र काढणे परवडणारे नव्हते. म्हणून पात्रे मधूनच थांबतात, पार्श्वभूमी साधी राहते, ताई बोलते तेव्हा बाकीचे ऐकत असतात. काटकसरीतून आलेले हे थांबणे मुलांच्या पथ्यावर पडले. धाकट्याने ‘अनेक म्हणजे काय?’ विचारले, की उत्तर येण्याआधी पाहणाऱ्या पोरालाही विचार करायला क्षणभर मिळे.

आता गोष्टीकडे वळू. दाणे, जाळे, एकजुटीने उडालेली पाखरे आणि जाळे कुरतडणारा उंदीर ही सगळी सामग्री पंचतंत्रातली आणि हितोपदेशातली. हितोपदेशात ती घडते गोदावरीच्या काठी, एका मोठ्या सावरीच्या झाडापाशी. पाखरे आहेत कबुतरे आणि त्यांचा राजा चित्रग्रीव. निर्मनुष्य वनात तांदळाचे दाणे आले कुठून, अशी शंका तो काढतो. त्यावर एक गर्विष्ठ कबुतर त्याला गप्प करते, थवा खाली उतरतो आणि अडकतो. मग जे व्हायचे तेच होते. ज्याचे ऐकून उतरले त्याच्यावर सगळे तुटून पडतात. चित्रग्रीव त्यांना आवरतो. संकटात दोष कोणाचा हे उगाळत बसू नका, आधी उडा, असा त्याच्या बोलण्याचा रोख असतो. थवा हिरण्यक उंदराकडे पोचतो. तो मित्राचे, म्हणजे राजाचे पाश आधी कुरतडू पाहतो, तेव्हा चित्रग्रीव म्हणतो, आधी माझ्या माणसांचे.

ही गोष्ट मराठीत छापून आली, तिला नागपूरचा हात लागलेला आहे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात विल्यम केरीच्या हाताखाली काम करणारे वैजनाथ पंडित नागपूरचे. त्यांनी केलेला हितोपदेशाचा मराठी अनुवाद १८१५च्या सुमारास श्रीरामपूरला मोडी लिपीत छापला गेला. तो मुलांसाठी नव्हताच. कंपनीच्या साहेबांना मराठी शिकवण्यासाठी होता! म्हणजे राजपुत्रांना नीती शिकवणारी गोष्ट साहेबांना भाषा शिकवू लागली, आणि दीडशे वर्षांनी बालवाडीच्या पोरांना एकवचन-अनेकवचन.

प्रत्येक फेरीत काही गळाले, काही आले. १९७४च्या चित्रात शंका घेणारा राजा नाही, गर्विष्ठ कबुतर नाही, भांडण नाही, ‘आधी माझ्या माणसांचे’ही नाही. मला ही उणीव मोठी वाटते; भांडण आवरल्यावर झालेली एकी आणि भांडणाचे कारणच नसताना झालेली एकी यांत फरक आहे. पण मुळेबाईंनी दोन गोष्टी नव्याने घातल्या. एक, मुलाचा प्रश्न. दुसरी, प्रयोग. गोष्ट ऐकून मुले थांबत नाहीत, हाताला न लागणारे आंबे मिळून काढून पाहतात. पंचतंत्रात ऐकणाऱ्या राजपुत्रांना असे काही करून पाहावे लागत नाही.

मोबाईलवरच्या बऱ्याचशा नव्या आवृत्त्यांत तेवढा प्रश्नच काढून टाकलेला असतो. गाणे राहते, ठेका वाढतो, पाखरांचे डोळे बशीएवढे होतात आणि चित्र एका जागी क्षणभरही ठरत नाही. संगणकाला थांबण्याची गरज उरली नाही, म्हणून पोरालाही थांबू दिले जात नाही. रंग बदलल्याचे दुःख नाही. सावरीच्या झाडापासून सगळेच बदलत आले आहे.

नव्याने काढायचेच तर याच गोष्टीचे एक रूप अजून वाट पाहत पडले आहे. जातककथेत लावे पक्षी असेच रोज जाळे उचलून उडून जातात, नि शिकारी रिकाम्या हाताने घरी येतो. बायको बोल लावते. तो म्हणतो, आज एक आहेत, एक दिवस भांडतील. काही दिवसांनी उतरताना एका लाव्याचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो. चुकून पडला म्हटले तरी तो ऐकत नाही. जाळे काय तू एकटा उचलतोस, इथपर्यंत बोलणे जाते. शहाणा म्होरक्या आपल्या सोबत्यांना घेऊन निघून जातो. पुन्हा जाळे पडते, तेव्हा उरलेले एकमेकांना म्हणत राहतात, ‘तू उचल.’ शिकारी येतो आणि त्यांना टोपलीत भरून नेतो.