पिअर्सनच्या धावपट्टीवरचं ॲरो आणि 'माक'चा हिशेब

मंडळी, पुढच्या वेळी आजी-आजोबांना आणायला पिअर्सनला जाल आणि विमान लेट असेल, तेव्हा मुलांना ही गोष्ट सांगा.

या विमानतळाचं जुनं नाव माल्टन. इथूनच २५ मार्च १९५८ ला ॲव्रो ॲरो पहिल्यांदा उडालं. चालवत होता यानुश झुराकोव्स्की, मूळचा पोलंडचा, युद्धात ब्रिटनला गेलेला आणि मग इथे आलेला. आपल्यासारखाच, बाहेरून येऊन रुजलेला.

त्याच वर्षी ॲरोने माक १.९ ओलांडला. "म्हणजे ताशी किती?" असं मुलं विचारणारच, आणि इथे माझ्यातली सीए जागी होते. माक हे एकक नाहीच, ते गुणोत्तर आहे, आपल्या करंट रेशोसारखं. विमानाचा वेग भागिले भोवतालच्या हवेतला आवाजाचा वेग. हा छेदातला आकडा स्थिर नसतो, गार हवेत तो घटतो. १५ अंशांना आवाज ताशी साधारण १२२५ किमी जातो, ११ किमी उंचीवर उणे ५६ अंशांत साधारण १०६०. म्हणून ताशी २००० किमी वेग वर जवळजवळ माक १.९ होतो आणि समुद्रसपाटीला जेमतेम १.६. (छेद न सांगता नुसता रेशो सांगणाऱ्यापासून जपून राहावं, तेही सांगून टाका!) नाव ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट माकचं. बंदुकीच्या गोळीपुढची आघात-लहर त्याने १८८७ मध्ये फोटोत दाखवली होती.

मग आला २० फेब्रुवारी १९५९, शुक्रवार. पंतप्रधान डीफेनबेकर यांनी प्रकल्प रद्द केला आणि सुमारे १४ हजार लोकांची नोकरी गेली. यातल्या कित्येकांनी इथे येऊन नुकतंच घर घेतलं असेल, मुलांना शाळेत घातलं असेल. ती संध्याकाळ कशी गेली असेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

खर्च वाढत होता, परदेशी गिऱ्हाईक नव्हतं. रद्द करणं मला हिशेबात समजतं. पण तयार विमानं कापून भंगारात घातली, ते मात्र कुठल्याच खात्यात बसत नाही. तीसेक इंजिनिअर नासाला गेले. त्यातलाच जिम चेंबरलिन पुढे जेमिनी यानाच्या रचनेत प्रमुख होता.

ॲरोच्या नाकाचा भाग आज ओटावाच्या एव्हिएशन अँड स्पेस म्युझियममध्ये आहे. लाँग वीकेंडला नुसतं पार्लमेंट बघून परतू नका.