नकाशावरची मोकळी जागा

स्मरणिकेत पाककृती, प्रवासवर्णने आणि वार्षिक अहवाल यांच्या शेजारी नगररचनेवरचा लेख पाहून काही भगिनींना नवल वाटेल. हा विषय इंजिनिअरांचा आणि वकिलांचा, आपल्याला त्यातले काय कळणार, असे सहज मनात येते. परंतु मुले खेळतात ते मैदान, आपण संध्याकाळी घटकाभर टेकतो तो कट्टा, स्वयंपाकघरात येणारा उजेड, या साऱ्यांचा उगम कोणत्या तरी नकाशात आणि कोणत्या तरी नियमात आहे. आपण दादरकर, तेव्हा ही हकीकत मी दादरच्याच उदाहरणाने सांगते.

1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाट चाळी, अंधाऱ्या खोल्या आणि कोंदट गल्ल्या यांमुळे रोग फैलावतो, अशी त्या वेळच्या सरकारची समजूत झाली आणि 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे आणि शहराच्या उत्तरेस नवी वस्ती आखणे, अशी दोन कामे त्याच्याकडे होती. या दुसऱ्या कामातून दादर, माटुंगा आणि शीव या भागांच्या योजना निघाल्या. घरे नंतर आली. रस्ते, भूखंड आणि बागा आधी कागदावर आल्या.

घराघरांत उजेड यावा म्हणून ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा एक नियम केला होता. तो ऐकायला अवघड वाटतो, पण त्याचा अर्थ सोपा आहे. इमारत जितकी उंच, निदान तिच्या निम्मी मोकळी जागा तिच्यापुढे हवी. चाळीस फुटांची इमारत बांधायची तर वीस फूट जागा सोडा, म्हणजे तळमजल्यावरच्या बिऱ्हाडालाही आकाश दिसेल. मात्र ज्यांची घरे पाडली गेली त्या गरिबांपैकी फार थोड्यांना नव्या वस्तीतले भाडे परवडणारे होते, हेही सांगितलेच पाहिजे. चांगल्या नकाशाचा लाभ कोणाला मिळतो, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

नकाशात कोणाला जागा मिळावी, हे बोलणाऱ्या माणसांवरही अवलंबून असते. ट्रस्टमध्ये इंजिनिअर असलेले मंचेरजी एदलजी जोशी यांनी मध्यम स्थितीतल्या पारशी कुटुंबांसाठी 103 भूखंड राखून ठेवावेत म्हणून आग्रह धरला, आणि त्यातून दादरची पारशी कॉलनी उभी राहिली.

दुसरे उदाहरण तर आपल्याला भूषणावह आहे. महापालिकेने 1925 साली आपल्या भागात मोठे मैदान केले. त्याचे नाव तेव्हा माहीम पार्क होते. 1927 साली त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले ते अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे. महापालिकेतील सुरुवातीच्या स्त्री-सभासदांपैकी त्या एक होत. सुमारे 28 एकरांच्या त्या मैदानावर पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजल्या आणि क्रिकेटपटूंच्या कित्येक पिढ्या घडल्या. त्याच्या नावामागे एका बाईचा शब्द आहे, हे आपल्या मुलींना आपण आवर्जून सांगावे.

आता कायद्याकडे वळू. मुंबई इलाख्यात 1915 साली नगररचनेचा कायदा झाला. देशातला तो पहिला. त्यात एकेका भागाची योजना करता येई. 1954 च्या कायद्याने संपूर्ण शहराचा विकास आराखडा करणे पालिकेवर बंधनकारक झाले, आणि 1966 साली महाराष्ट्राचा आजचा प्रादेशिक व नगररचना कायदा आला. या आराखड्यात शहराचे विभाग पाडतात. कुठे वस्ती, कुठे व्यापार आणि कुठे कारखाने, हे ठरते. शिवाय शाळा, दवाखाना, बाजार, बाग यांसाठी जागा राखून ठेवतात. तिला आरक्षण म्हणतात.

हे नियम बदलले म्हणजे काय होते, ते आपण शेजारच्या गिरणगावात पाहिले. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. 58 गिरण्या आणि सुमारे 600 एकर जमीन, तीही ऐन शहराच्या मध्यावर! 1991 च्या नियमाने वाटणी सांगितली होती. जमिनीचा विकास करताना ढोबळमानाने एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. 2001 साली या नियमात दुरुस्ती झाली. ज्या जमिनीवर इमारती उभ्या होत्या ती वाटणीतून वगळली गेली आणि आधीपासून मोकळी असलेली तेवढीच वाटायची असे ठरले. गिरणी म्हणजे बहुतेक शेडच! त्यामुळे पालिकेचा आणि म्हाडाचा वाटा अगदी आक्रसला. 2005 साली उच्च न्यायालयाने नागरिकांच्या बाजूने निकाल दिला, परंतु 2006 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. आज तेथे मॉल आणि मनोरे आहेत. त्या जागी जी मैदाने होऊ शकली असती, ती नकाशावरच राहिली.

याच्या उलटही घडले आहे. फेब्रुवारी 2015 मध्ये मुंबईच्या नव्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यातल्या चुका लोकांनी घराघरांतून शोधून काढल्या. हजारो हरकती दाखल झाल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करण्याचा आदेश दिला. सुधारित मसुदा 2016 साली आला आणि अखेर 2018 साली आराखडा अमलात आला. सामान्य माणसाच्या अर्जाने काय होणार, असे म्हणणाऱ्यांना हे एक उत्तर पुरेसे आहे.

परंतु मंजूर झालेले आरक्षणही कायमचे नसते. 1966 च्या कायद्याचे कलम 127 प्रत्येक मंडळाने माहीत करून घ्यावे. राखलेली खासगी जमीन दहा वर्षांत पालिकेने घेतली नाही, तर मालक रीतसर नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत पालिकेने ती घेण्यासाठी पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द झाले असे मानले जाते. मालकाच्या बाजूनेही हे न्यायाचेच आहे. त्याची जमीन किती वर्षे अडकवून ठेवायची? पण 2018 मध्ये दहा मिळवा, म्हणजे 2028 येते. ते वर्ष दूर नाही.

म्हणून माझी सूचना आहे. आराखड्याचे नकाशे सर्वांना पाहता येतात. आपल्या सभासदांपैकी चौघी-पाचजणींनी मिळून आपल्या विभागाचा नकाशा पाहावा आणि बाग, बालवाडी, बाजार, प्रसूतिगृह यांसाठी राखलेल्या जागांची यादी करावी. मग प्रत्येक जागा प्रत्यक्ष जाऊन बघावी. कुठे काय झाले, कुठे काही झालेले नाही, याची नोंद वहीत ठेवावी. ज्या जागा अजून ताब्यात आलेल्या नाहीत, त्यांविषयी वॉर्ड कचेरीत अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. वर्तमानपत्रात पालिकेच्या नोटिसा बारीक टाइपात येतात. त्या वाचण्याचे काम एकीने अंगावर घ्यावे. नियमांतल्या बदलांवर हरकती-सूचना मागवतात त्या तेथेच, आणि त्यांना मुदत असते.

अवंतिकाबाईंच्या काळी पालिकेत बायका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. 2011 पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखल्या आहेत. तेथे बसणाऱ्या भगिनींना विचारणा करणाऱ्या भगिनी बाहेरही हव्यात. आपले मंडळ पापड-लोणची, भजन, शिवणवर्ग आणि व्याख्याने हे सारे करत आले आहे. त्यात नकाशाच्या वहीची ही एक भर पडावी, आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात तिचे एक पान असावे.