एक सॉकेट, अनेक ऑपरेटिंग सिस्टीम

एकच ब्राउझर विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर सारखाच चालतो, याचे आता कोणाला नवल वाटत नाही. परंतु जाळ्यावरील दुसऱ्या संगणकाशी बोलण्याचे काम असा प्रोग्रॅम स्वतः करीत नसतो. ते तो ऑपरेटिंग सिस्टीमकडे सोपवतो, आणि सोपवण्याची ही रीत प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीममध्ये थोडीथोडी निराळी आहे. हा निराळेपणा झाकण्यासाठी प्रोग्रॅमर मधल्या जागी एक पातळ थर लिहितात. त्याला आवरण म्हणता येईल. वर्षानुवर्षे अशी आवरणे प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमसाठी स्वतंत्रपणे लिहिली गेली. पुढे त्या सर्वांच्या जागी एकच सामायिक मॉड्यूल आणण्याचे प्रयत्न सुरू झाले. वरवर पाहता हे चार फायलींची एक फाइल करण्याइतके कारकुनी काम वाटते. त्यात हात घातल्यावर मात्र ध्यानात येते, की निरनिराळ्या सिस्टीममधील नावे जुळवून घेणे सोपे असते. खरी अडचण एकाच नावामागे दडलेल्या वेगवेगळ्या वागणुकीची असते.

सॉकेट म्हणजे जाळ्यावरील संभाषणाचे प्रोग्रॅमच्या हाती असलेले टोक. विजेच्या बोर्डावरील सॉकेटशी त्याचे नावाखेरीज आणखी एक साम्य आहे: आतल्या तारा कुठून कशा गेल्या आहेत, हे वापरणाऱ्याला ठाऊक असावे लागत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी ऑगस्ट १९८३ मध्ये युनिक्सची '४.२ बीएसडी' ही आवृत्ती प्रसृत केली, तीत सॉकेटची ही पद्धत सर्वत्र उपलब्ध झाली. कामाला पैसा अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'डार्पा' या संस्थेचा होता. युनिक्सच्या परंपरेनुसार सॉकेटलाही फायलीसारखेच वागवले गेले. प्रोग्रॅमच्या दृष्टीने सॉकेट म्हणजे एक लहानसा पूर्णांक, आणि फाइल वाचण्याच्या, लिहिण्याच्या व बंद करण्याच्या नेहमीच्या आज्ञा त्यालाही लागू.

विंडोजची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. १९९० च्या सुमारास विंडोजमध्ये इंटरनेटची भाषा अंगभूत नव्हती. ती निरनिराळ्या कंपन्या स्वतंत्रपणे विकत, आणि प्रत्येकीच्या आज्ञा निराळ्या असत. या कंपन्यांतील काही मंडळी १९९१ च्या 'इंटरॉप' परिषदेत एकत्र आली आणि त्यातून 'विंडोज सॉकेट्स' अर्थात 'विनसॉक' हा मसुदा तयार झाला. त्याची पहिली आवृत्ती जून १९९२ मध्ये, तर पुढे सर्वत्र रुळलेली १.१ ही आवृत्ती जानेवारी १९९३ मध्ये आली. विनसॉकने बर्कलीची बहुतेक नावे जशीच्या तशी घेतली. पण सॉकेट ही फाइल आहे, ही कल्पना मात्र घेतली नाही. त्यामुळे युनिक्सवर 'क्लोज' या आज्ञेने बंद होणारे सॉकेट विंडोजवर 'क्लोजसॉकेट'नेच बंद करावे लागते. काम सुरू करण्यापूर्वी 'डब्ल्यूएसए-स्टार्टअप' ही आज्ञा द्यावी लागते. ती विसरल्यास पुढचे काहीच चालत नाही. चूक झाल्यास तिचा क्रमांकही निराळ्या ठिकाणी विचारावा लागतो. समोरच्याने संपर्क तोडला, ही चूक बीएसडी आणि मॅकवर ५४ क्रमांकाची, लिनक्सवर १०४ ची आणि विंडोजवर १००५४ ची. विनसॉकच्या शिल्पकारांनी बर्कलीच्या क्रमांकात दहा हजार मिळवले, हे यावरून उघड दिसते.

इथवरचे फरक त्रासदायक खरे, पण उघडे आहेत. ते चुकल्यास प्रोग्रॅम तयारच होत नाही किंवा पहिल्या चाचणीतच अडखळतो. त्याखालचा थर अधिक फसवा. युनिक्सवर सॉकेट मिळाले नाही तर उत्तर उणे एक येते, म्हणून 'उत्तर शून्यापेक्षा कमी आहे का' एवढे तपासण्याची प्रोग्रॅमरना सवय असते. विंडोजवर सॉकेटचा प्रकारच ऋण संख्या न मानणारा आहे. तेथे ही तपासणी कधीच खरी ठरत नाही, आणि हाती न आलेले सॉकेट आले असे समजून प्रोग्रॅम पुढे जातो. उलट दिशेचा धोका युनिक्सवर आहे. समोरच्या संगणकाने संपर्क तोडल्यावरही आपण लिहीत राहिलो, तर युनिक्स 'सिगपाइप' नावाचा इशारा धाडते आणि त्याची दखल न घेणारा प्रोग्रॅम तिथल्या तिथे बंद पडतो. विंडोजला हा इशारा ठाऊकच नाही. लिनक्सवर तो प्रत्येक पाठवणीच्या वेळी नाकारता येतो, मॅकवर सॉकेटलाच एकदा तशी सूचना देऊन ठेवता येते. विंडोजवर वाढलेला सर्व्हर लिनक्सवर नेल्यानंतर एखाद्या ग्राहकाने ब्राउझर मिटताच सगळ्यांची सेवा खंडित व्हावी, ही घटना या एका फरकातून घडू शकते.

अशा फरकांवरचा पहिला उपाय म्हणजे मूळ लेखनातच 'विंडोज असेल तर हे, नसेल तर ते' अशा अटी पेरणे. थोड्याच काळात निम्मा मजकूर अटींचाच होतो. मग युनिक्सची एक फाइल, विंडोजची दुसरी, मॅकची तिसरी अशी वाटणी होते. प्रत्येक फायलीचा सांभाळ करणारा निराळा, त्याच्याजवळचा संगणक निराळा. एका फायलीतील दोष दुरुस्त होतो. तोच दोष शेजारच्या फायलीत तसाच राहतो, कारण तेथे तो कोणी पाहिलेलाच नसतो. अपाची या वेब सर्व्हरच्या कर्त्यांनी एप्रिल २००२ मध्ये सार्वत्रिक वापरासाठी खुल्या केलेल्या २.० मालिकेत 'अपाची पोर्टेबल रनटाइम' नावाचे सामायिक ग्रंथालय पायाशी घातले. विंडोजला युनिक्सचे सोंग आणायला लावणारे थर सदोष आणि मंद असतात, प्रत्येक सिस्टीमशी तिच्याच भाषेत बोलावे, हा त्यामागचा विचार होता. पुढे सबव्हर्जन या आवृत्ती-नोंदणीच्या सॉफ्टवेअरनेही हेच ग्रंथालय वापरले.

केवळ नावे जुळवणारे आवरण किती घातक ठरू शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'एसओ-रीयूजअॅडर' हा पर्याय. सर्व्हर बंद झाल्यावर त्याचा पोर्ट क्रमांक युनिक्सच्या सिस्टीम काही काळ राखून ठेवतात. उशिरा पोहोचणारा जुना मजकूर नव्या संभाषणात मिसळू नये, एवढाच हेतू. लिनक्सवर हा अवधी ६० सेकंदांचा असतो. तेवढ्यात सर्व्हर पुन्हा सुरू केला तर 'पत्ता वापरात आहे' असे उत्तर मिळते. म्हणून 'पत्ता पुन्हा वापरू द्यावा' असे सांगणारा हा पर्याय युनिक्सवर सर्रास लावला जातो. विंडोजवरही याच नावाचा पर्याय आहे, पण त्याचा अर्थ दुसराच. तेथे तो लावल्यास, दुसरा प्रोग्रॅम त्या पोर्टवर काम करीत असतानाही आपल्याला तोच पोर्ट मिळतो, आणि येणारा संपर्क दोघांपैकी कोणाकडे जाईल याची शाश्वती राहत नाही. भाडेकरू सोडून गेलेला गाळा कागदपत्रे पुरी होण्याआधी उघडू देणे हा युनिक्सचा अर्थ. चालू दुकानाच्या गल्ल्यावर दुसऱ्याला बसू देणे हा विंडोजचा. त्यातून एखादा आगंतुक प्रोग्रॅम खऱ्या सर्व्हरच्या जागी बसून ग्राहकांचा मजकूर वाचू शकत असे. मायक्रोसॉफ्टने एनटी ४.० च्या चौथ्या सर्व्हिस पॅकपासून पोर्ट केवळ आपल्यासाठी राखणारा वेगळा पर्याय दिला, आणि विंडोज सर्व्हर २००३ मध्ये नियम आणखी कडक केले.

जबाबदारीने लिहिलेली सामायिक मॉड्यूल येथे भाषांतर करीत नाहीत, हेतू ओळखतात. 'लिबयूव्ही' हे ग्रंथालय आणि पायथन भाषेतील 'असिंकआयओ' हे मॉड्यूल, दोन्ही सर्व्हर उभारताना हा पर्याय युनिक्सवर आपोआप लावतात आणि विंडोजवर लावत नाहीत. असे असूनही चूक व्हायची ती होतेच. युडीपी या संपर्करहित पद्धतीच्या सॉकेटनाही असिंकआयओ युनिक्सवर हाच पर्याय लावीत असे. लिनक्सवर त्याचा परिणाम असा, की वेगळ्या वापरकर्त्याचा प्रोग्रॅमही तोच पत्ता घेऊ शकतो आणि येणारा मजकूर दोघांत कसाही वाटला जातो. डिसेंबर २०१९ मधील ३.८.१ या आवृत्तीत तो काढून टाकण्यात आला. सामायिक मॉड्यूलचा लाभ आणि जोखीम या एका प्रसंगात एकत्र दिसतात. चूक एका ठिकाणी झाली आणि ते मॉड्यूल तशा रीतीने वापरणाऱ्या सगळ्यांपर्यंत गेली. दुरुस्तीही एकाच ठिकाणी झाली आणि आवृत्ती बदलणाऱ्या सर्वांना मिळाली.

याहून मोठा पेच हजारो संभाषणे एकाच वेळी सांभाळताना पडतो. बर्कलीची 'सिलेक्ट' ही जुनी आज्ञा अनेक सॉकेटवर एकदम लक्ष ठेवते. लिनक्सवर तिला १०२४ पासून पुढच्या क्रमांकाचे सॉकेट झेपत नाही. विंडोजवर मर्यादा क्रमांकाची नसून संख्येची, आणि ती एरवी ६४ ची. म्हणून प्रत्येक सिस्टीमने आपापली नवी सोय काढली. विंडोज एनटी ३.५ मध्ये १९९४ साली 'आयओसीपी' आले, फ्रीबीएसडीमध्ये २००० साली 'केक्यू', तर डिसेंबर २००३ मधील लिनक्स २.६ मध्ये 'ईपोल'. यांतील शेवटच्या दोघांचा स्वभाव एक, पहिल्याचा अगदी उलट. ईपोल आणि केक्यू टपाल कार्यालयासारखे कळवतात, की तुमचे टपाल आले आहे, येऊन घेऊन जा. आयओसीपीला रिकामी पिशवी आधीच देऊन ठेवावी लागते. ते टपाल पिशवीत भरते आणि मग काम पूर्ण झाल्याची वर्दी देते. आधी वर्दी आणि मग काम, की आधी काम आणि मग वर्दी, हा फरक नावे बदलून मिटणारा नव्हे.

रायन डाल यांनी २००९ मध्ये 'नोड' निर्माण केले, तेव्हा ते युनिक्सच्या वळणाच्या 'लिबईव्ही' या ग्रंथालयावर उभे होते. विंडोजवर ते सिगविन या युनिक्सच्या सोंगातूनच चालवावे लागे. जून २०११ मध्ये जॉयेंट आणि मायक्रोसॉफ्ट यांनी विंडोजसाठी ते नव्याने बांधण्याचे जाहीर केले, आणि त्या खटाटोपातून लिबयूव्ही जन्मले. सुरुवातीला ते युनिक्सवर लिबईव्हीचे आणि विंडोजवर आयओसीपीचे आवरण होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेली नोडची ०.६ ही आवृत्ती विंडोजवर थेट चालू लागली. पुढे लिबईव्ही सर्वस्वी वगळण्यात आले.

लिबयूव्हीच्या कर्त्यांनी घेतलेला महत्त्वाचा निर्णय म्हणजे वरच्या प्रोग्रॅमला विंडोजच्या वळणाची हमी देणे: काम पूर्ण झाले की कळवू. युनिक्सवर टपाल आल्याची सूचना मिळताच लिबयूव्ही स्वतः जाऊन ते घेऊन येते आणि मग वर्दी देते. उलट मार्गही शक्य होता, पण आयओसीपीला ईपोलसारखे वागायला लावणे अधिक अवघड. अर्थात येथेही किंमत मोजावी लागतेच. हजारो निवांत संभाषणांसाठी विंडोजवर हजारो पिशव्या आगाऊ अडकून पडल्या असत्या. त्यावर लिबयूव्ही शून्य बाइट वाचण्याची मागणी नोंदवून ठेवते. ती पूर्ण होणे म्हणजेच मजकूर आल्याची खूण; खरी जागा त्यानंतर घेतली जाते. पुरवलेल्या हमीच्या आत पुन्हा उलटी युक्ती, असा हा प्रकार आहे.

विशेष म्हणजे लिबयूव्हीच्या मूळ लेखनात आजही युनिक्स आणि विंडोज असे दोन फोल्डर आहेत. एक झाला आहे तो वरचा करार. चुकांच्या बाबतीतही तेच: संपर्क तुटल्यास नोडमध्ये सर्वत्र 'ईकॉनरीसेट' हेच नाव दिसते, आतला क्रमांक मात्र लिनक्सवर उणे १०४ आणि विंडोजवर उणे ४०७७ असतो. त्यामुळे नाव न पाहता क्रमांकावर विसंबून लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या सिस्टीमवर फसतो.

आयपीव्ही-६ या नव्या पत्तापद्धतीने आणखी एका फरकाची भर घातली. लिनक्सवर आयपीव्ही-६ चे सॉकेट एरवी जुन्या आयपीव्ही-४ चे संपर्कही स्वीकारते, विंडोजवर स्वीकारत नाही आणि ओपनबीएसडी तर तशी मुभाच देत नाही. येथे सिस्टीमच्या सवयीवर विसंबणारे मॉड्यूल प्रोग्रॅमरच्या टेबलावर व्यवस्थित चालते आणि ग्राहकांच्या संगणकांवर निम्म्यांनाच ओळखते. जावा भाषेच्या विंडोजवरील आवृत्तीत तर बराच काळ या कामासाठीच दोन वेगळी आवरणे होती, कारण विंडोज एक्सपीमध्ये दोन्ही पद्धतींची यंत्रणा विभक्त होती. ती व्हिस्टापासून एक झाली. जावाच्या पहिल्या आवृत्तीपासून चालत आलेले सॉकेटचे हे जुने बांधकाम, अर्धे जावात आणि अर्धे सी भाषेत, अखेर सप्टेंबर २०१९ मधील जेडीके १३ मध्ये बदलले. नवे बांधकाम भाषेत आधीपासून असलेल्या 'एनआयओ' या सामायिक यंत्रणेवर उभारण्यात आले. कोणाचे जुन्या वागणुकीवाचून अडत असेल म्हणून जुने बांधकामही एका कळीमागे तूर्त राखून ठेवले गेले. युडीपीच्या सॉकेटची पाळी वर्षभराने, सप्टेंबर २०२० मधील जेडीके १५ मध्ये आली.

दरम्यान मे २०१९ मधील लिनक्स ५.१ मध्ये 'आयओ-युरिंग' ही नवी सोय दाखल झाली. मागणी आधी नोंदवायची आणि काम पूर्ण झाल्यावर वर्दी घ्यायची, अशी तिची रीत आहे. म्हणजे विंडोजने १९९४ मध्ये धरलेलीच वाट.