इंग्रजी वाक्प्रचार आणि त्यांचे व्यवहारातील अर्थ

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा मराठी मुद्रणाशी जुना संबंध आहे. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली येथूनच सुरू झाले. तरीही मराठी माध्यमात शिकलेली आपली मुले इंग्रजी वाक्प्रचारांपाशी अडखळतात. शब्द ओळखीचे असतात, अर्थ मात्र निराळा निघतो. यांपैकी अनेक वाक्प्रचारांचे मूळ पवित्र शास्त्रात आहे. त्यांतील नेहमी आढळणारे पाच आम्ही येथे देत आहोत.

१) वॉश वन्स हॅन्ड्स ऑफ (मत्तय २७:२४) : पिलाताने लोकांसमोर हात धुतले, त्यावरून जबाबदारी नाकारणे. मराठीत आपण 'हात झटकणे' म्हणतो. 'वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे' म्हणजे आयत्या संधीचा लाभ उठवणे; म्हणून येथे शब्दशः भाषांतर टाळावे.

२) द ॲपल ऑफ वन्स आय (अनुवाद ३२:१०) : अत्यंत प्रिय व्यक्ती. याचा सफरचंदाशी संबंध नाही. मूळ हिब्रू शब्द डोळ्यातील बाहुलीसाठी आहे. मराठीत 'गळ्यातील ताईत'.

३) बाय द स्किन ऑफ वन्स टीथ (ईयोब १९:२०) : अगदी थोडक्यात बचावणे. मराठीत 'जिवावरचे शेपटावर निभावणे'.

४) द रायटिंग ऑन द वॉल (दानीएल ५) : बेलशस्सर राजाच्या मेजवानीत भिंतीवर अक्षरे उमटली, त्यावरून येऊ घातलेल्या संकटाची स्पष्ट चिन्हे.

५) गुड समॅरिटन (लूक १०:२५-३७) : अनोळखी माणसाला निरपेक्ष मदत करणारा.

हा शेवटचा शब्द आता भारतीय कायद्यातही आला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ समाविष्ट झाले. सद्भावनेने, स्वेच्छेने व मोबदल्याची अपेक्षा न ठेवता जखमीला मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चूक झाली तरी, त्यासाठी दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

नगर-मनमाड किंवा नगर-पुणे रस्त्यावर अपघात दिसताच पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने पुष्कळजण पुढे निघून जातात. तेवढ्या वेळात एखाद्याचा प्राण जाऊ शकतो. पालकांनी व शिक्षकांनी मुलांना हा वाक्प्रचार शिकवताना हा कायदाही समजावून सांगावा, अशी आमची नम्र विनंती आहे.